दारफाळणीचा दिवस आणि माझा पाय

माझा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला त्याला चौदा महिने झाले. वसतिगृहातल्या एका मित्राच्या धाकट्या भावाचा हात कापावा लागणार आहे. त्याला धीर देणारे काही लिहून दे, असे मित्र म्हणाला. मी तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. धीर कसा द्यायचा ते मला येत नाही. जे झाले ते मात्र सांगता येईल, आणि कदाचित त्याला किंवा दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग होईल.

हे सांगताना माझ्या वडिलांविषयी काही कडू गोष्टी येतात. म्हणून आधी त्यांनाच वाचायला दिले. ते म्हणाले, काही गाळू नकोस.

आमचे घर

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले, मराठी बोलणारे यहुदी. बाबा सातवी पास झाले, तारेची परीक्षा दिली आणि रेल्वेत लागले. बदल्या होत होत गोंदियाकडच्या सौंदडला स्टेशनमास्तर म्हणून आले. मी त्यांचा एकुलता मुलगा, शमुवेल. घरात शमू. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मीच. नागपूरची दोन-तीन कुटुंबे सोडली तर या भागात आमच्या धर्माचे कोणी नाही. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीद म्हणतो. तीही इथे नाही. त्यामुळे मला देव जो काही कळला तो बाबांच्या तोंडून.

बाबांचा आवडता शब्द होता भरवसा. हिब्रूत त्याला बिट्टाहोन म्हणतात, हे त्यांनी मला लहानपणी फलाटावर शिकवले. ते म्हणत, मागच्या स्टेशनावरून गाडी सुटल्याची तार आली की मला गाडी दिसायची गरज नसते. वळणापलीकडे जंगल आहे, धूरसुद्धा दिसत नाही. तरी मी सिग्नल पाडतो, आणि गाडी येते. देवावर भरवसा म्हणजे तसा.

माझी मोठी बहीण रिबका सहा वर्षांची असताना देवीच्या साथीत गेली. तेव्हा बाबांनी गोंदियाहून डॉक्टर आणला होता, नागपूरहून दुसरा आणला होता. तरी ती गेली. त्यानंतर ते म्हणू लागले की माणसाच्या हातावर विसंबलो ही आपली चूक झाली. आई यावर कधीच काही बोलली नाही.

आश्विनाच्या सुमारास आमचा एक उपवास येतो. त्याला आमच्यात दारफाळणीचा सण म्हणतात, म्हणजे दार लावून घेण्याचा. वर्षाची पापे त्या दिवशी देवापुढे ठेवायची असतात. आदल्या दिवशी सूर्य मावळण्याआधी दार लावायचे, पांढरे कपडे घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी संबंध नाही. मुंबईला आता लोक त्या दिवशी मशिदीत जातात. आमच्या घरी अजून आजोबांची रीत. बाबा त्या दिवसाची रजा दरवर्षी आधीच मागून ठेवत आणि गोंदियाहून बदली माणूस येई.

खुंट

सणासाठी मी नागपूरहून घरी आलो होतो. चार दिवस आधी बोडीवर अंघोळीला गेलो. इकडे गावाच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. येताना धानाच्या बांधावरून पाय घसरला आणि कापलेल्या बांबूचा खुंट नडगीत घुसला. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागे एका गँगमनचे घर आहे. त्याची बायको भागाबाई जवळच गवत कापत होती. तिने खुंट ओढून काढला, पाला चावून जखमेवर बांधला आणि कॉलेजात बांधावरून चालायला शिकवत नाहीत काय, असे विचारून मला घरी आणून सोडले.

दोन दिवस काही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. सणाच्या आदल्या दुपारी पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तांबडा आणि तकतकीत झाला होता. चादरीचा स्पर्श सहन होईना. भागाबाई बघायला आली, तिने पांघरूण उचलले आणि सरळ बाबांकडे वळली.

"मास्तर, पाय पाहा कसा फुगून राहिला. याले गोंद्याले न्या."

गोंदियाची पॅसेंजर सकाळीच गेली होती. बाबा म्हणाले, उद्या आमचा देवाचा दिवस आहे, परवा नेतो.

"तुमचा देव गोंद्याले नाही राहत का जी?" ती म्हणाली. बाबा हसले. मीही हसलो.

ती गेल्यावर बाबांनी दार लावले. मग माझ्या खाटेजवळ येऊन म्हणाले, "तू आजारी आहेस. उपास करायचा का नाही, तुझं तू ठरव. काही हवं वाटलं तर सांग." मी म्हणालो, मी करणार. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला मॅट्रिक पास झालो तेव्हाही दिसले नव्हते. बाबांचे 'काही हवं वाटलं तर सांग' हे वाक्य लक्षात ठेवा अशी वाचकांना विनंती आहे. मी ते त्या वेळी नीट ऐकले नाही.

दार

दुसऱ्या दिवशी सकाळी तहान हीच एक गोष्ट शिल्लक होती. जीभ टाळूला चिकटत होती. पायात कोणी आतून सळई फिरवत होते. आई ओल्या फडक्याने माझे कपाळ पुसत होती. त्या दिवशी तेही चालते की नाही हे तिला ठाऊक नव्हते, आणि तिने विचारले नाही. बाबा दाराजवळ चटईवर बसून प्रार्थनेचे पुस्तक वाचत होते.

दहाच्या सुमारास रुळांवर ट्रॉलीची घरघर ऐकू आली आणि आमच्या घरासमोर थांबली. रेल्वेचे बंगाली डॉक्टर महिन्यातून एकदा गँगच्या लोकांना हिवतापाचे कोयनेल वाटायला अर्जुनीपर्यंत जात. भागाबाईने त्यांना रुळांत उभे राहून अडवले होते, हे मला पुढे कळले. दारावर थाप पडली.

"मास्तर, डाक्टर आणला जी. कडी काढा."

मग डॉक्टरांचा आवाज आला. "मास्टरजी, दो मिनट लड़के का पैर देखने दीजिए।"

बाबांचे वाचन थांबले. आई उठली, दाराशी गेली आणि तिने कडीवर हात ठेवला. बाबा म्हणाले, थांब. आवाज चढवला नाही. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. आई कडीवर हात ठेवून, बाबा पुस्तकात बोट ठेवून.

मी डोळे मिटून घेतले.

मला काय वाटत होते ते खरे सांगतो. दार उघडावे अशीच माझी इच्छा होती. अंगातला कणन् कण ओरडत होता की उघडा. पण मला वाटले, ही परीक्षा आहे. आपण कॉलेजात शिकतो म्हणून आपला भरवसा कमी झाला की काय, हे बाबा बघत आहेत. रिबकाच्या वेळी ते चुकले असे त्यांना वाटते. या वेळी माझ्यामुळे ते चुकायला नकोत. मी डोळे उघडले नाहीत आणि तोंडही उघडले नाही.

थोड्या वेळाने बाबा दाराआडून म्हणाले, आज आमचे दार बंद आहे, उद्या. डॉक्टर आणखी काहीतरी बोलले, मग त्यांच्या बुटांचा आवाज दूर गेला. भागाबाई मात्र तिथेच होती.

"तुमचा देव बहिरा आहे का जी, का तुमीच?" ती म्हणाली. मग तीही गेली. ट्रॉली अर्जुनीच्या दिशेने निघून गेली.

मला त्या क्षणी अभिमान वाटला. मी डोळे उघडले तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघून हसलो.

दुपारी अंगठा निळा झाला. संध्याकाळी चांदणी दिसली, दार उघडले, आणि खोलीत कसला वास येत होता ते बाहेरची हवा आत आल्यावर आम्हाला कळले.

कदाचित

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो त्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये तेच बंगाली डॉक्टर अर्जुनीहून परत येत होते. आमच्या डब्यात येऊन त्यांनी पट्टी सोडली आणि लगेच पुन्हा बांधली. "कल दिखाते तो..." एवढेच म्हणून ते थांबले. गोंदियाला त्यांनी स्वतः आम्हाला नागपूरच्या मेलमध्ये बसवले आणि माझ्या उशाखाली आपली शाल घातली. ती शाल परत करायची राहूनच गेली.

नागपूरच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि बाबांना बाजूला नेले. त्यांना वाटले मला ऐकू येणार नाही. बाबांनी विचारले, काल आणला असता तर? डॉक्टर म्हणाले, तर चीर देऊन भागले असते, कदाचित. बाबांनी कागदावर सही केली. तारेच्या फॉर्मवर करतात तशी, स्वच्छ, एकेक अक्षर सुटे.

"कदाचित" हा शब्द मी त्यानंतर फार दिवस जवळ बाळगला. डॉक्टर "हो" म्हणाले असते तर मी बाबांवर राग धरू शकलो असतो. "नाही" म्हणाले असते तर सोडून देऊ शकलो असतो.

वॉर्ड

शुद्धीवर आलो तेव्हा चादर एका बाजूला उंच होती आणि दुसऱ्या बाजूला सपाट. मी बराच वेळ ती सपाट बाजू बघत होतो. किंचाळलो वगैरे नाही. मला वाटले ती चादर नीट अंथरलेली नाही.

तिथले दिवस सारखेच असतात. पहाटे तापाची नळी, मग चहा, मग पट्टी बदलणे. पट्टी बदलण्याची गाडी दाराशी आली की सगळा वॉर्ड गप्प होई, आणि आपल्या आधी किती खाटा आहेत ते जो तो बघे. आपल्या शेजाऱ्याचे ओरडणे सुरू झाले की वाईट वाटण्याआधी आणखी थोडा वेळ मिळाला याचे बरे वाटते. तसे वाटले तर स्वतःला दोष देऊ नका. सगळ्यांना वाटते.

शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडचे हिरामणजी म्हणून एक शेतकरी होते. त्यांचा डावा पाय गेला होता. माझा उजवा गेला हे पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले, "आपण एकच जोडा घेऊ गा. डावा तुले, उजवा मले." आम्ही दोघे टाके दुखेपर्यंत हसलो. मग रोज ते मला विचारत की जोडा कोल्हापुरी घ्यायचा की बूट घ्यायचे. नवव्या दिवशी सकाळी ती खाट रिकामी होती आणि गादी उन्हात टाकलेली होती.

गेलेला पाय खाजतो, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. तळवा खाजतो, अंगठा आखडतो, आणि तिथे काहीच नसते. मी वेडा होतोय असे वाटून दोन दिवस कोणाला बोललो नाही. शेवटी आईला सांगितले. सपाट चादरीवर, जिथे तळवा असायला हवा होता तिथे, ती नखांनी खाजवू लागली. आणि खाज थांबली. डॉक्टरांना याचा अर्थ सांगता आला नाही.

आई बाबांशी बोलत नव्हती. बाबा समोर उभे असले तरी ती मला म्हणे, तुझ्या बाबांना सांग दूध आणायला. बाबा माझ्याकडून निरोप येण्याची वाट न बघता लोटा घेऊन जात.

मामा

तिसऱ्या आठवड्यात कोकणातून मामा आले, आईचे थोरले भाऊ. ते गावच्या मशिदीत प्रार्थना चालवतात. बाबा ड्यूटीवर परत गेले होते. मामा रोज खाटेजवळ बसून मला वाचून दाखवत, आणि एके दिवशी मी धीर करून विचारले की दारफाळणीच्या दिवशी डॉक्टरला आत घेतले असते तर पाप झाले असते का.

मामांनी पुस्तक मिटले. त्यांना दाराची गोष्ट तोवर कोणी सांगितलीच नव्हती. मी सगळे सांगितले, बाबांची सिग्नलची गोष्टसुद्धा.

"आणि सिग्नल कोण पाडतो?" मामा म्हणाले. "तार आली म्हणून तुझा बाप खोलीत बसून राहतो का? उठतो, दांडा ओढतो, मगच गाडी येते ना?"

मग ते शांतपणे समजावू लागले. बिट्टाहोन म्हणजे मला हवे तेच देव करील अशी खात्री नव्हे. हाताला जे करता येईल ते करायचे, आणि पुढे जे होईल ते त्याच्या हातून आले असे मानायचे. आज्ञा माणसाने जगावे म्हणून दिल्या आहेत. जीव धोक्यात असेल तर शनिवारचा शब्बाथ मोडायचा, उपास मोडायचा, दार तर मोडायचेच. आपले जुने गुरू सांगून गेले की अशा वेळी विचारत बसू नये. जो आधी धावतो तो भला. आणि आजारी माणूस स्वतः म्हणाला की मला हवे, तर शंभर वैद्य नको म्हणाले तरी त्याचेच ऐकायचे.

"स्वतः म्हणाला तर?" मी विचारले.

"हो. त्याच्या जिवाचं त्याला कळतं."

मी तोंड भिंतीकडे केले. मामांना वाटले मी बाबांवर चिडलो. ते म्हणाले, तुझ्या आजोबांनी याच दिवशी आजारी बहिणीला, म्हणजे तुझ्या बाबांच्या आत्याला, पेज पाजल्याचे मी ऐकले आहे. तुझ्या बापाला कोणी शिकवले नाही वाटते. मी त्यांना हात जोडले की हे बाबांना सांगू नका. त्यांना कळले तर ते जगणार नाहीत, असे मला वाटले. आणि माझ्या गप्प राहण्याचा विषय निघेल, हेही वाटले.

मलिदा

संकटातून सुटलो की आमच्यात संदेष्टा एलियाच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, फळे. मी कुबडीवर घरी आलो त्या आठवड्यात आईने केला. मामा पोचवायला आले होते. त्यांनी प्रार्थना म्हटली. आमच्या लोकांपैकी दुसरे कोणी नव्हतेच, म्हणून प्रार्थना झाल्यावर बाबांनी बदली बाबू, पॉइंट्समन आणि भागाबाईला बोलावले.

बश्या वाटताना बाबा सांगू लागले. डॉक्टर दाराशी आला होता, पण आम्ही दार उघडले नाही. भरवसा ठेवला, आणि मुलगा जिवंत आहे. असेच त्यांनी नागपूरच्या वॉर्डात लोकांना सांगितले होते, गाडीत अनोळखी माणसांना सांगितले होते. मी दर वेळी खाली बघत असे.

भागाबाईने बशी खाली ठेवली. "दार उघडलं असतं त पायही जिवंत राहिला असता ना जी? ते काऊन नाही सांगत?"

आणि माझ्या तोंडून सगळे बाहेर पडले. मी बाबांना सर्वांसमोर सांगितले की धर्मात दार उघडायला सांगितले आहे, उपास मोडायला सांगितले आहे, आणि तुम्हाला हे माहीत नव्हते म्हणून माझा पाय गेला. मामा मला थांबवत होते.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

ते माझ्यासमोर खाली बसले. "माझ्या बापाने आत्याला पेज पाजली तेव्हा वाटी मी धरली होती. ती म्हणाली, मला हवं, म्हणून दिली. आदल्या संध्याकाळी मी तुला काय म्हणालो? तुझं तू ठरव, हवं तर सांग. डॉक्टर दाराशी असताना मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, शमू. एक शब्द बोलला असतास तर मी कडी काढली असती. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, याचा भरवसा माझ्यापेक्षा मोठा आहे. मी तो कसा मोडू?"

मी म्हणालो, मला वाटले तुम्हाला आवडणार नाही.

तिथे तरी मी थांबायला हवे होते. पण मी पुढचे वाक्यही सांगितले: विचारत बसू नये, जो आधी धावतो तो भला, असे लिहिले आहे. हेही तुम्हाला माहीत होते का? बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

आई बश्या गोळा करत होती. ती उभी राहिली. किती दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली. "कडीवर हात माझा होता," ती म्हणाली. "तुम्ही दोघं एकमेकांचा भरवसा बघत होतात. मला कोणी विचारलं?"

ती आत गेली. भागाबाई तिच्या मागोमाग गेली, आणि बराच वेळ आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

यंदा

ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो त्या मुलाला एवढेच सांगतो. लोक तुला शूर म्हणतील. तू गप्प राहिलास की जास्त म्हणतील. दुखले तर बोल. हवे ते माग. घरातली माणसे तुझ्या चेहऱ्यावरून काय वाचत आहेत ते तुला कळणार नाही, आणि तू त्यांच्या चेहऱ्यावर जे वाचतो आहेस तेही बरोबर असेलच असे नाही. माझा देवावर भरवसा आहे का, असे मित्र विचारतात. आहे, असे मी म्हणतो. पण तो बाबांकडून मिळाला होता तो नव्हे, आणि नवा अजून अंगवळणी पडलेला नाही, माझ्या नव्या लाकडी पायासारखा.

बाबा प्रार्थना करतात. भरवसा हा शब्द मात्र त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

यंदाच्या दारफाळणीला मी घरी गेलो. आदल्या संध्याकाळी बाबांनी दार लावले. मला ताप नव्हता, काही नव्हते. सकाळी ट्रॉलीची घरघर आली, जवळ आली, आणि न थांबता अर्जुनीकडे गेली. आईचे हात मांडीवर थांबले होते. बाबांचे बोट पुस्तकात एकाच ओळीवर होते.

मी म्हणालो, "बाबा, दार उघडा."

का, असे त्यांनी विचारले नाही. ते इतक्या लगबगीने उठले की पुस्तक खाली पडले. कडी काढली आणि दोन्ही फळ्या उघडल्या. ऊन आत आले. बाहेर रूळ होते, पलीकडे निसवलेला धान होता. बाबा उंबऱ्यावर उभे राहून ट्रॉली गेली त्या दिशेला बघत राहिले.

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि दार तसेच उघडे ठेवून चटईवर येऊन बसले.